खोडरबर नको, पुरावा हवा

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजेच एनसीईआरटीचे, इयत्ता आठवीचे सामाजिक शास्त्राचे नवे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पाठ्यपुस्तकातील इतिहासाचा वाद पुन्हा एकदा ऐरणीवर आला. बाबराचे क्रौर्य, अकबराच्या कारकिर्दीत दिसणारे क्रौर्य आणि सहिष्णुता यांचे मिश्रण, औरंगजेबाने पाडलेली मंदिरे या साऱ्यांचा उल्लेख त्यात आडपडदा न ठेवता केला आहे. त्याबरोबर नेहमीचे दोन पक्ष नेहमीच्या आवेशाने उभे राहिले. एकाने ‘इतिहासाचे भगवेकरण’ अशी हाकाटी पिटली. दुसऱ्याने ‘अखेर सत्य छापले गेले’ म्हणून गुलाल उधळला. या गदारोळात त्याच पुस्तकातील एक छोटी टीप मात्र फारशी कोणी गांभीर्याने वाचली नाही. इतिहासातील अंधाऱ्या कालखंडांविषयीची ही टीप विद्यार्थ्यांना सांगते की, या घटनांचा अभ्यास अलिप्तपणे करावा आणि भूतकाळात घडलेल्या गोष्टींसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये.

ही टीप महत्त्वाची आहे. गेली पन्नास वर्षे जो प्रश्न आपण टाळत आलो, त्याचे उत्तर तिच्यात दडलेले आहे. प्रश्न असा की, समाजाला बोचणारा इतिहास मुलांना सांगावा की त्यांच्यापासून लपवावा? आजवर दिल्लीत आणि राज्याराज्यांत जी सरकारे आली, त्यांपैकी बहुतेकांनी या प्रश्नाचे एकच उत्तर दिले. बोचणारा भाग खोडून टाकावा, हे ते उत्तर. कोणता भाग बोचतो, एवढेच काय ते सरकारागणिक बदलत गेले.

खोडण्याची परंपरा

एनसीईआरटीची स्थापना १९६१ मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत रोमिला थापर, बिपन चंद्र, रामशरण शर्मा, सतीश चंद्र अशा नामवंत इतिहासकारांकडून शालेय पुस्तके लिहून घेण्यात आली. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि विद्वान मनुष्यालाही दृष्टी असते आणि या मंडळींपैकी बहुतेकांची दृष्टी मार्क्सवादी होती, हे त्यांनी स्वतःही कधी लपवले नाही. आर्थिक संबंध, जमीनमहसूल, शेतीचे उत्पादन यांचे तपशील त्या पुस्तकांत भरपूर मिळत. मात्र ज्या श्रद्धेसाठी माणसे मेली आणि ज्या श्रद्धेच्या नावाने माणसे मारली गेली, ती श्रद्धा त्या पुस्तकांत दुय्यम ठरे. मंदिर पाडले गेले तर त्यामागे संपत्तीचा लोभ किंवा राजकीय सोय शोधायची, पाडणाऱ्याने स्वतः सांगितलेले धार्मिक कारण मात्र बाजूला सारायचे, अशी ही रीत होती.

तिला आव्हान मिळाले ते जनता पक्षाच्या राजवटीत. १९७७ मध्ये या पुस्तकांविरुद्ध एक निवेदन पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. पुढच्याच वर्षी रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक अभ्यासक्रमातून काढून घेण्यात आले. काँग्रेस १९८० मध्ये सत्तेवर परतली आणि ते पुस्तकही परतले. या तीन वर्षांत शर्मांच्या प्रतिपादनाला पुराव्यानिशी उत्तर देणारे दुसरे शालेय पुस्तक सिद्ध झाले असते, तर काहीतरी हाती लागले असते. तसे घडले नाही. पुस्तक गेले, पुस्तक आले आणि विद्यार्थी होता तेथेच राहिला.

खोडण्याच्या या परंपरेतील सर्वांत निर्लज्ज प्रकार घडला तो पश्चिम बंगालमध्ये, डाव्या आघाडीच्या सत्ताकाळात. २८ एप्रिल १९८९ रोजी तेथील माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना एक परिपत्रक पाठवले. इतिहासाच्या पुस्तकांतील कोणते परिच्छेद ‘अशुद्ध’ आणि त्यांच्या जागी ‘शुद्ध’ काय, याची यादीच त्यात होती. मुस्लिम राजवटीवर टीका येता कामा नये आणि मंदिरविध्वंसाचा उल्लेख होता कामा नये, असा त्या आदेशाचा आशय होता. अरुण शौरी यांनी १९९८ मध्ये ‘एमिनंट हिस्टोरियन्स’ या पुस्तकात हे परिपत्रक देशासमोर मांडले, तेव्हा त्याचा सविस्तर प्रतिवाद करण्याची तसदी संबंधितांनी फारशी घेतली नाही. खोडलेले परिच्छेद खोटे होते, असे मंडळाने म्हटले असते तर निदान वादाला जागा राहिली असती. येथे खरेखोटेपणाचा मुद्दाच नव्हता. जे घडले ते गैरसोयीचे आहे, म्हणून मुलांना ते कळू नये, एवढाच विचार त्यामागे होता.

या परिपत्रकाचा निषेध करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे. मात्र हा अधिकार टिकवायचा असेल, तर सोयीसाठी सत्य खोडणे आपणही त्याज्य मानले पाहिजे. येथूनच या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

दोन कसोटीचे प्रसंग

नोव्हेंबर २००० मध्ये डॉ. मुरली मनोहर जोशी मनुष्यबळ विकास मंत्री असताना शालेय शिक्षणाचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. शिक्षणात मूल्यांना आणि सर्व धर्मांच्या परिचयाला स्थान असावे, असे त्यात म्हटले होते. ‘धर्म’ हा शब्द उच्चारताच घटना धोक्यात आल्याची आरोळी उठली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १२ सप्टेंबर २००२ रोजी न्यायालयाने आराखड्याविरुद्धचे आक्षेप फेटाळले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक उपासनेचे व आचारांचे शिक्षण देण्यास घटनेचा २८वा अनुच्छेद मनाई करतो. धर्मांविषयीचे ज्ञान देण्यास त्याची आडकाठी नाही, असा या निकालाचा मथितार्थ आहे. धर्म शिकवणे वेगळे आणि धर्माविषयी शिकवणे वेगळे, हा भेद इतिहासाच्या पुस्तकांनाही तंतोतंत लागू पडतो. वारकरी संप्रदाय, खालसा पंथ, सूफी सिलसिले, गोव्यातील इन्क्विझिशन यांविषयी काहीही न सांगता भारताचा इतिहास सांगता येईल, असे ज्याला वाटते, त्याने या देशाचा इतिहास वाचलेलाच नाही.

न्यायालयात हा विजय मिळत असताना पुस्तकांच्या आघाडीवर मात्र जुनीच चूक घडत होती. ऑक्टोबर २००१ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुन्या पुस्तकांतील काही उतारे शिकवू नयेत, असा आदेश शाळांना दिला. त्यांतील गुरू तेगबहादुर यांच्याविषयीचा उतारा विशेष गाजला. सतीश चंद्र यांच्या पुस्तकात गुरूंच्या हौतात्म्याची शासकीय बाजू म्हणून, त्यांनी पंजाबात लूटमार केल्याचा फारसी साधनांतील आरोप दिलेला होता. पाठोपाठ शीख परंपरेतील हकीकतींचीही नोंद होती. शीख समाज संतापला आणि तो संताप अनाठायी नव्हता. ज्या महापुरुषाने १६७५ मध्ये दिल्लीत शिर दिले पण धर्म दिला नाही, त्याच्यावरील लुटारूपणाचा आरोप शाळकरी मुलांनी ‘अधिकृत स्पष्टीकरण’ म्हणून का वाचावा?

आता यावर उपाय काय होता, ते पाहा. हा आरोप मुख्यतः ज्या ‘सियर-उल-मुताखिरीन’ ग्रंथावरून येतो, तो गुलाम हुसेन याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिला. एवढे एक वाक्य त्या उताऱ्याखाली छापले असते, तर सातवी-आठवीतल्या मुलालाही कळले असते की, शंभर वर्षांनंतरच्या दरबारी लेखकाची साक्ष किती मोलाची मानायची. त्या एका वाक्याने गुरूंचा मान राखला गेला असता, लेखकाची दृष्टी उघडी पडली असती आणि विद्यार्थ्याला साधनांची पारख करण्याचा धडा मिळाला असता. प्रत्यक्षात उतारा काढला गेला. त्यामुळे पुराव्याच्या कसोटीवर हरला असता असा लेखक ‘सेन्सॉरशिपचा बळी’ ठरून हुतात्मा झाला.

पुढील घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेल. २००२ पासून नवी पुस्तके आली. दृष्टी राष्ट्रीय होती, पण घाई फार झाली होती. नववीच्या पुस्तकात तर गांधीहत्येचा उल्लेखच राहून गेला आणि टीका झाल्यावर तो घालावा लागला. इंडियन हिस्ट्री काँग्रेसने २००३ मध्ये या पुस्तकांतील चुकांची सूचीच पुस्तकरूपाने छापली. त्या सूचीमागे राजकीय हेतू होता हे खरे, परंतु चूक ही चूकच असते आणि विरोधकाला ती आयती पुरवणे हा कोणत्याही विचाराचा विजय असू शकत नाही. २००४ मध्ये सत्तापालट झाला. ‘विषनिर्मूलन’ या नावाखाली ती पुस्तके बाद करण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि २००५च्या आराखड्यानुसार तिसरा संच आला. चार-पाच वर्षांत एकाच देशाचा इतिहास दोनदा बदलला. शाळेतल्या मुलांनी यातून कोणता निष्कर्ष काढायचा? इतिहास हा निवडणुकीचा निकाल लागल्यावर ठरतो, एवढाच.

कात्रीला पक्ष नसतो

खोडण्याचा मोह कोणा एका पक्षापुरता मर्यादित नाही. २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठले. १९४९ साली शंकर यांनी काढलेल्या त्या चित्रात घटनानिर्मितीच्या संथ गतीवर टीका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यात अवमान होतो, असे सांगत सर्व पक्ष एकवटले आणि ते व्यंगचित्र मागे घेण्यात आले. सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले. पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयावर हल्लाही झाला. त्या वेळी दिल्लीत संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते, हे आज अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे नगारे वाजवणारे सोयीस्करपणे विसरतात.

पुढे करोनाकाळातील अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी एनसीईआरटीने ‘सुसूत्रीकरण’ केले. २०२३ मध्ये छापून आलेल्या पुस्तकांत बारावीच्या इतिहासातील मुघल दरबारावरील प्रकरण नव्हते. राज्यशास्त्राच्या पुस्तकातून गांधीहत्येनंतर राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर आलेल्या बंदीचा उल्लेखही गेला. यांतील काही बदल आधी जाहीर केलेल्या यादीत नव्हते. विचारणा झाल्यावर संचालकांनी ते अनवधान असू शकेल, असे सांगितले.

या वगळण्याने आपल्याला काय मिळाले, हे शांतपणे तपासले पाहिजे. संघावर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी बंदी आली, ही नोंदलेली गोष्ट आहे. ती जुलै १९४९ मध्ये सरकारने उठवली, हीदेखील नोंदलेलीच गोष्ट आहे. पुस्तकात पहिली असेल आणि दुसरी नसेल, तर दुसरी छापा अशी मागणी करावी. दोन्ही एकत्र वाचणारा विद्यार्थी आपली बुद्धी वापरून प्रश्न विचारील आणि त्या प्रश्नांना सामोरे जाण्याची क्षमता संघटनेत निश्चितच आहे. पहिली गोष्टच खोडली की, लपवण्यासारखे काही आहे असा समज विनाकारण दृढ होतो.

मुघल दरबाराच्या प्रकरणाचेही तेच. अर्धशतक दिल्लीकेंद्रित इतिहास वाचून कंटाळलेल्या मराठी वाचकाला ते प्रकरण गेल्याचे बरे वाटले असेल. ही भावना समजण्यासारखी आहे. केंद्रीय मंडळाच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात मुघलांना स्वतंत्र प्रकरण होते, तर मराठे अठराव्या शतकातील राजकीय सत्तांच्या एका सामाईक प्रकरणात राजपूत, शीख आणि जाट यांच्यासमवेत अंग चोरून बसलेले होते. अटकेपर्यंत पोहोचलेल्या सत्तेला मिळालेली ती जागा हा अन्याय होता. अहोमांनी मुघलांना ब्रह्मपुत्रेच्या पात्रात रोखले, विजयनगरने दोनशेहून अधिक वर्षे दक्षिण सांभाळली, चोळांची आरमारे समुद्रापार गेली, यांनाही न्याय मिळाला नव्हता. पण अन्याय दूर करण्याचा मार्ग मराठ्यांची पाने वाढवणे हा आहे. मुघलांची पाने फाडल्याने मराठ्यांची एक ओळही वाढत नाही, उलट ती अधिक दुर्बोध होते.

शिवरायांच्या पत्राचा धडा

हे विधान कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून एकच उदाहरण देतो. औरंगजेबाने २ एप्रिल १६७९ रोजी जिझिया कर पुन्हा लादला. त्यानंतर शिवछत्रपतींनी त्याला एक पत्र पाठवले. नीळ प्रभू मुनशी यांनी फारसीत लिहिलेले हे पत्र शिवरायांचेच असल्याचा निर्वाळा जदुनाथ सरकार यांनी दिला आहे. त्यात महाराज अकबराचा दाखला देतात. त्याने सर्व पंथांच्या लोकांना समभावाने वागवले म्हणून त्याचे राज्य भरभराटीला आले, असे सांगतात. जहांगीर आणि शाहजहान यांचीही आठवण करून देतात. ईश्वर साऱ्या विश्वाचा आहे, एकट्या मुसलमानांचा नाही, हे खुद्द कुराणाच्या शब्दांचा आधार घेऊन औरंगजेबाला ऐकवतात.

हिंदवी स्वराज्याच्या संस्थापकाचे राजकीय तत्त्वज्ञान सांगणारे याहून समर्थ पत्र कोणते? मात्र ज्या विद्यार्थ्याला अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला हे ठाऊक नाही, त्याला हे पत्र कळणार कसे? आणि ज्याला औरंगजेबाने तो पुन्हा लादला हे शिकवले गेले नाही, त्याला तरी ते कसे कळणार? म्हणजे अकबर वगळणाऱ्याने आणि औरंगजेबाला सौम्य रंगात रंगवणाऱ्याने मिळून शिवरायांचे हे पत्रच मुलांपासून हिरावून घेतले. प्रतिस्पर्ध्याच्या घराण्यातील चांगला आणि वाईट राजा यांत महाराजांनी भेद केला आणि त्या भेदाचा शस्त्रासारखा उपयोग केला. आपल्या पाठ्यपुस्तकांची दृष्टी महाराजांच्या दृष्टीहून संकुचित असावी काय?

आग्र्याची भेटही तशीच. १६६६ मधील त्या थरारक प्रसंगाचे सर्वांत विश्वसनीय तपशील आपल्याला जयपूर दरबारच्या राजस्थानी पत्रव्यवहारातून मिळतात. १६८१ मध्ये बुऱ्हाणपुरास उतरलेला बादशहा १७०७ मध्ये भिंगारजवळ कसा मेला आणि त्या पंचवीस वर्षांत राजा, राजधानी, खजिना हातचे जाऊनही मराठे कसे लढले, ही गोष्ट शत्रूचे सामर्थ्य सांगितल्यावाचून सांगताच येत नाही. शत्रू लहान केला की विजयही लहान होतो.

महाराष्ट्राचा वारसा पुराव्याचा आहे

इतिहासाकडे पाहण्याची एक स्वतंत्र परंपरा महाराष्ट्राजवळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळत हिंडले, त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. राजवाड्यांइतका कडवा राष्ट्राभिमानी शोधून सापडायचा नाही. पण अभिमान आधी आणि कागद नंतर, हा क्रम त्यांनी मानला नाही. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे आणि फारसी ग्रंथ मराठीत आणले. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील इन्क्विझिशनवर १९६१ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचे सामर्थ्य शिव्याशापांत नाही, कागदपत्रांत आहे. २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले गजानन भास्कर मेहेंदळे आयुष्यभर मूळ साधनांशिवाय एक वाक्य लिहायला तयार नव्हते. या परंपरेत वाढलेल्या समाजाला खोडरबराची गरज पडू नये.

पुरावा आपल्या बाजूला आहे, म्हणूनही ती पडू नये. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा अधिकृत म्हणावा असा इतिहास ‘मासिर-इ-आलमगिरी’ त्याच्याच दरबारातील साकी मुस्तैद खान याने १७१० मध्ये पूर्ण केला. एप्रिल १६६९ मध्ये मंदिरे आणि पाठशाळा पाडण्याचे फर्मान निघाले, काशी विश्वनाथाचे मंदिर पाडले गेले, पुढच्या वर्षी मथुरेचे केशवरायाचे मंदिर पाडले गेले, हे तो अभिमानाने नोंदवतो. ही साक्ष कोणा हिंदू प्रचारकाची नाही. तिचे भाषांतर जदुनाथांनी केव्हाच उपलब्ध करून दिले आहे. याच औरंगजेबाचे १६५९ मधील एक फर्मान काशीच्या जुन्या मंदिरांच्या ब्राह्मणांना त्रास देऊ नये, असेही सांगते. तेही मुलांसमोर ठेवावे. १६५९ आणि १६६९ यांच्या दरम्यान काय बदलले, या प्रश्नावर वर्गात चर्चा झाली तर इतिहासाचा तो तास सार्थकी लागेल. एक फर्मान दाखवून दुसरे लपवणारा शिक्षक वकील असतो, इतिहासाचा शिक्षक नव्हे.

मंदिरविध्वंसाच्या संख्येवरही असाच वाद आहे. सीताराम गोयल यांनी १९९० च्या सुमारास मंदिरांच्या जागी उभ्या राहिलेल्या सुमारे दोन हजार वास्तूंची यादी दिली. अमेरिकी इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी ११९२ ते १७२९ या काळातील खात्रीलायक वाटणाऱ्या घटना ऐंशी मानल्या आणि त्यामागे राजकीय कारणांवर भर दिला. दोन हजार की ऐंशी, हा संशोधकांचा वाद चालू द्यावा. परंतु ईटन यांचा आकडा पुढे करणारेही विध्वंस घडलाच नाही, असे म्हणू शकत नाहीत. मग १९८९चे ते परिपत्रक नेमके कोणत्या सत्याचे रक्षण करीत होते?

द्वेषाचा आक्षेप

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो. असे शिकवल्याने कोवळ्या मनांत द्वेष पेरला जाईल, वर्गातल्या मुसलमान मुलाकडे इतर मुले वेगळ्या नजरेने पाहतील, असे ते म्हणतात. ही चिंता थट्टेवारी नेण्यासारखी नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या नावावरून सतराव्या शतकाचा हिशेब विचारला जाणे हे अन्यायाचे आहे आणि हिंदू परंपरेला शोभणारेही नाही. म्हणूनच आरंभी उल्लेखिलेली टीप मोलाची. मात्र ती पुस्तकाच्या एका चौकटीत राहून चालणार नाही, शिक्षकाच्या तोंडी यायला हवी. शिवरायांच्या पदरी असलेले मुसलमान सरदार आणि मुघलांच्या पदरी असलेले राजपूत व मराठे सरदार हेही त्याच तासाला सांगावे लागतील.

पण या चिंतेवर मौन हा उपाय नाही. पुस्तक गप्प बसले म्हणून मूल अजाण राहत नाही. ते चित्रपट पाहते, भ्रमणध्वनीवर आलेले तुकडे वाचते, चौकातले भाषण ऐकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरील चित्रपट आला, लक्षावधी लोकांनी तो डोळ्यांत पाणी आणून पाहिला. मार्चमध्ये खुलदाबादच्या कबरीवरून वाद पेटला आणि १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपतींची झालेली निर्घृण हत्या ज्यांना वर्गात, संदर्भासह, शांत स्वरात सांगितली गेली नाही, त्यांना ती प्रथमच मोठ्या पडद्यावर भेटली. ज्ञान म्हणून जे बालपणी पचले असते, ते धक्का म्हणून अंगावर आले. द्वेष सत्य सांगितल्याने जितका वाढतो, त्याहून अधिक तो ‘आमच्यापासून हे लपवले’ या जाणिवेने वाढतो.

सोयीचा इतिहास शिकवणाऱ्या राष्ट्राचे काय होते, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. पाकिस्तानचे इतिहासकार के. के. अझीझ यांनी १९९३ मध्ये ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’ या ग्रंथात तेथील सहासष्ट पाठ्यपुस्तके तपासली आणि त्यांतील असत्याचे ढीग उपसून दाखवले. ज्या भूमीवर मोहेंजोदडो आणि तक्षशिला आहेत, तेथील मुलांना आपला इतिहास मुहम्मद बिन कासिमच्या स्वारीपासून सुरू होतो असे सांगण्यात आले. आपल्याच मातीला परके झालेले ते राष्ट्र आज कोणत्या अवस्थेत आहे, ते जग पाहत आहे. आपण त्या वाटेने जाऊ, असे म्हणण्याचा हेतू नाही. त्या वाटेचे पहिले पाऊल मात्र नेहमी सारखेच असते. गैरसोयीचे पान हळूच फाडायचे, हे ते पाऊल.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, पाठ्यपुस्तकातील प्रत्येक बदल कारणासह आणि तो सुचवणाऱ्या तज्ज्ञांच्या नावासह जाहीर व्हावा. अनवधानाने परिच्छेद नाहीसे होणे हे कोणत्याही सरकारला शोभत नाही. दुसरी, वादग्रस्त विषयांवरील मूळ साधनाचा उतारा, त्याचा लेखक आणि त्याचे वर्ष धड्यातच छापावे. तिसरी, पुस्तकांची जबाबदारी निवडणुकीबरोबर न बदलणाऱ्या विद्वत्मंडळाकडे असावी आणि त्यात फारसी, संस्कृत, मोडी, तमिळ, पोर्तुगीज साधने प्रत्यक्ष वाचू शकणारी माणसे असावीत. आपल्या बाजूची दृष्टी मांडायची असेल तर या भाषा शिकलेले तरुण आपण घडवले पाहिजेत. आज भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दारात मोडी शिकायला किती तरुण उभे राहतात आणि समाजमाध्यमांवर इतिहासाचे सेनापती किती, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

याची चुणूक त्याच आठवीच्या पुस्तकाने दाखवली आहे. १७५९च्या मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर दाखवल्याबद्दल तेथील राजघराण्याने ऑगस्ट २०२५ मध्ये हरकत घेतली. एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमून आलेल्या हरकती तपासायला दिल्या. मराठी अभिमान दुखावला म्हणून आपण तेव्हा आवाज चढवण्याचे कारण नव्हते आणि राजस्थानी अभिमान दुखावला म्हणून रेषा पुसण्याचेही कारण नाही. जैसलमेरकडून चौथाई वसूल झाल्याचा कागद असेल तर तो दाखवावा, नसेल तर रेषा मागे घ्यावी. मराठ्यांची थोरवी एका वाळवंटी संस्थानावर अवलंबून नाही.

हिंदू समाजाची मूळ मागणी आठवावी. आमचा इतिहास आम्हाला सांगा, एवढीच ती होती. पराभवासह, विध्वंसासह, प्रतिकारासह, आमच्यातल्या फितुरीसह आणि आमच्यातल्या अस्पृश्यतेच्या पापासह सांगा. ती मागणी सत्याची होती, म्हणून तिला बळ होते. आज सत्ता अनुकूल आहे आणि पुस्तके लिहिण्याची संधी हाती आहे. या संधीत लिहिलेली पुस्तके उद्याच्या विरोधी सरकारलाही रद्द करणे अवघड जावे, इतकी ती पुराव्याने भक्कम असायला हवीत. खोडून लिहिलेले पुढचा माणूस खोडतो. कागद दाखवून लिहिलेल्याला तो कागदच दाखवून उत्तर द्यावे लागते आणि असे कागद आपल्या दप्तरखान्यांत अजून ढिगांनी, न वाचलेले, पडून आहेत.